पाळण्याची दोरी

बाळाला बघायला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. कुणावर गेलाय, दूध पुरतंय ना, रात्री झोपू देतो का. आमच्याकडे त्यात आणखी एकाची भर पडते. झबलं-टोपडं पुढ्यात ठेवून, चहाचा पहिला घोट घेऊन झाला की पाहुण्या थोरलीकडे वळतात. "काय गं, आज शाळेला सुट्टी?" ती सरळ सांगून टाकते, "मी घरीच शिकते." मग कप बशीत ठेवला जातो आणि सगळ्या नजरा माझ्याकडे वळतात.

थोरली पाच वर्षांची आहे. तिच्या वयाची मुलं मोठ्या गटात जातात. ती जात नाही. तीन वर्षांच्या पोरांना वहीभर अक्षरं गिरवायला लावणारी शाळा आम्हाला पटली नाही, पटण्यासारखी होती ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि 'तोवर घरी बघू' म्हणता म्हणता घरीच जमून गेलं. यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान त्यामागे नाही. घरी शिकवणाऱ्या काही पालकांकडे असतं, ते ऐकायला मला आवडतं, पण आमच्याकडे नाही.

कायद्याची आडकाठीही नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. सहाच्या आतल्यांसाठी सरकार सोय करू शकेल, इतकंच त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे पहिलीत जायला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे मोठा गट हे तसं मोकळं रान. सहानंतरचं मात्र धूसर आहे. घरच्या शिक्षणाला कायदा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. पुढे कुणी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात, कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. हे सगळं मी पाहुण्यांना तोंडपाठ सांगते. त्यांचं समाधान होतं, किंवा चहा संपतो.

आजीपुढे यातलं काहीच चाललं नाही.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. बाळंतपणाला आई आमच्याकडे आली तेव्हा आजीही आली. डिंकाच्या लाडवांचा डबा आपल्या मांडीवर धरून आली, कारण डिकीत ठेवला तर लाडू फुटतात. ती सासवडकडची. तिसरीत असताना तिच्या पाठीवर भाऊ झाला. आई बाळंतिणीच्या खोलीत, वडील रानात, घरात तिसरं माणूस नाही, म्हणून तिला चार दिवस शाळेत जाऊ नको असं सांगितलं. ते चार दिवस अजून संपायचे आहेत, असं ती म्हणते. "आईचं बाळंतपण सव्वा महिन्याचं. माझी सुट्टी जन्माची." पुढे ती वाचायला शिकली ती आपली आपण, ज्याला कडेवर घेऊन शाळा सुटली त्याच भावाच्या पुस्तकांवरून. आजही पेपर वाचताना ओळीखाली बोट लागतं, आणि पेपर मात्र छोट्या जाहिरातींसकट वाचून होतो.

थोरली घरी शिकते हे आजीला आधी माहीत होतं, पण लांबून. घरात पाळणा हलायला लागल्यावर तिने जवळून पाहिलं आणि मला बोलावून सांगितलं, "पोरीला शाळेत घाल. घरात राहिली की पाळण्याची दोरी तिच्या हातात जाते. कुणी देत नाही, कुणी मागत नाही. जाते."

पाळण्याच्या दोरीवर आपण अख्ख्या जगाचा उद्धार टांगून ठेवलेला आहे. ती दोरी आठ वर्षांच्या हातात कशी लागते, हे सांगणारं माणूस घरातच बसलेलं असलं की त्या कौतुकातली हवा जाते.

मी वाद घातला. थोरली बाळासाठी घरी राहिलेली नाही, ती आधीपासूनच घरी आहे. तिला पुस्तकं आहेत, पाटी आहे, रंग आहेत, आठवड्यातून एकदा टेकडी आहे. आजीने ऐकून घेतलं. नंतर एका दुपारी ती जपाची माळ घेऊन बसली, आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून थोरलीला घरातून जेवढ्या हाका आल्या तेवढे मणी ओढत गेली. दुपटं आण. जरा झोका दे. आईला पाणी दे. तो रडतोय का बघून ये. खुळखुळा वाजव ना, शहाणी माझी. संध्याकाळी तिने आकडा सांगितला नाही, माळ नुसती वर धरली. अर्ध्याच्या पुढे गेली होती. हाका मारणाऱ्यांत मी होते, आई होती, घरून काम करणारा नवरा होता. सगळ्यांचा आवाज गोड होता. कुणालाही ते काम वाटलं नव्हतं. थोरलीलाही नाही, तिला तर अभिमान वाटत होता, आणि आजीच्या मते खरी भानगड तिथेच आहे.

मला माझा भाऊ आठवला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माझं दुपटं, माझा पाळणा, माझं रडणं यातलं काहीही त्याला आठवत नाही. आई म्हणते, कसं आठवेल, तो मैदानावर असायचा.

आम्ही राहतो पुण्यातल्या कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी काढलेला आश्रम १९०० मध्ये इथे आला, तेव्हा हे गावाबाहेरचं माळरान होतं. आता सकाळी बाळाला कोवळ्या उन्हात धरून गॅलरीत बसलं की गणवेशातल्या मुलींची रीघ दिसते, दोन वेण्यांच्या, सायकलवरच्या, आईच्या स्कूटरवर मागे बसून पाव खाणाऱ्या. इथून काही किलोमीटरवर बुधवार पेठेत भिडेवाडा होता, जिथे १८४८मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ची. या शहरात मुलीला घराबाहेर काढून शाळेत बसवण्यासाठी लोकांनी अंगावर शेणगोळे घेतले आहेत, आणि त्याच शहरात मी माझ्या मुलीला घरात ठेवून बसले आहे. पुण्याबाहेर राहत असते तर कदाचित हा विचार इतका टोचला नसता.

घरी शिकण्याचीही इथे परंपरा आहे म्हणा. रमाबाई रानडे १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न होऊन पुण्यात आल्या आणि त्यांचं शिक्षण घरातच नवऱ्याकडून सुरू झालं. घरातल्या बायकांना ते अजिबात खपलं नाही. त्यांच्या जाचात दिवस काढून रमाबाई शिकल्या, आणि पुढे त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, म्हणजे इतर बायकांना घराबाहेर शिकता येईल अशी जागा. घरी शिकण्यातलं सुख-दुःख पुरतं माहीत असलेल्या बाईने बाहेरची जागा बांधली, हे मला जरा जास्त वेळ चघळावं लागलं.

तर आजीच्या माळेनंतर घरात एक नियम झाला. दहा ते बारा थोरलीला कुणी हाक मारायची नाही. दुपटं, पाणी, खुळखुळा, काहीही असो. बाळ रडलं तर मोठी माणसं उठतील. हा नियम आजीने केला आणि त्याची राखणही तीच करते, पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने "अगं जरा टॉवेल..." एवढंच म्हटलं होतं, तर आजी टॉवेल घेऊन त्याच्यासमोर उभी.

वेळ दहाचीच का, तर ती बाळाच्या आंघोळीमुळे. मालिश करणाऱ्या मावशी साडेनऊपर्यंत येतात. तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, घट्ट गुंडाळून बाळ हातात दिलं की ते दूध पिऊन गाढ झोपतं. नाकाकानात तेल सोडणं, धुरी आणि काजळ आमच्या डॉक्टरांनी मोडीत काढलं, त्यावरून आजी आणि मावशी यांची एकजूट झाली होती, पण तो वेगळा विषय आहे. गुटीचंही तेच. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, अगदी पाणीही नाही, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. मग आजीने आणलेल्या गुटीच्या पिशवीचं काय करायचं? ती थोरलीकडे गेली. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ. सहाणेवर एकेक उगाळून कशाचा रंग कसा उतरतो, कुणाचा वास नाकात बसतो, हे तिने दोन सकाळ चालवलं. डोळे मिटून वासावरून ओळखायचा खेळ झाला. त्यात आजी हरली, आणि ती मुद्दाम हरली नव्हती.

अक्षरांचं आम्ही अ आ इ ई पासून सुरू केलं नाही. ग म भ न असं, सोप्या वळणाच्या अक्षरांपासून, पूर्वीच्या बालवाड्यांत चालायचं तसं. वाचन मात्र खरं सुरू झालं ते पाट्यांवरून, आणि पुण्यात पाट्यांना तोटा नाही. आमच्या सोसायटीतच एका दारावर 'बेल एकदाच वाजवावी, आम्हाला ऐकू येते' असं लिहिलेलं आहे. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि लगेच बेल दोनदा वाजवली. बाळ घरी आल्यावर आमच्याही दारावर पाटी लागली, तिने स्वतः लिहिलेली: 'बाळ झोपल आहे बेल वाजऊ नका हळु बोला मी पण आहे.' मी काही दुरुस्त केलं नाही. शेवटचे तीन शब्द कशासाठी, असं विचारल्यावर म्हणाली, "येतात ते सगळे त्यालाच बघायला."

आकड्यांचं गाडं एकोणतीसला अडलं. तिला कुणी न शिकवता ती वीस-आठ, वीस-नऊ, वीस-दहा असं म्हणत पुढे जायची. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही नाक मुरडणाऱ्यांत होते. पण पुढच्या दशकातून एक वजा करून या दशकातला आकडा सांगायचा, हे पाच वर्षांच्या डोक्याला विचित्र वाटतं यात तिचा काय दोष? आजीने वाद मिटवला. "दोन्ही म्हण. बाजारात एकोणतीस म्हण, घरात वीस-नऊ म्हण." अपूर्णांक मात्र बाळाच्या लसीच्या कार्डाने शिकवले. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने अशा तारखा. दीड म्हणजे एक आणि अर्धा हे तिने कॅलेंडरवर महिना मध्ये दुमडून समजून घेतलं, आणि अडीच म्हणजे दोन आणि अर्धा हे मग सांगावं लागलं नाही. डाव्या दंडावर बीसीजीच्या जागी बारीक फोड आली तेव्हा तिने आपला दंड वर करून तसाच वण शोधला, मग माझा, मग आईचा. आजीच्या दंडावर देवीच्या लशीचे मोठे गोल वण निघाले. देवी म्हणजे काय, लस टोचली की अंगात काय होतं, देवीचा रोग आता जगात कुठेच का नाही, यात एक सकाळ गेली आणि अजूनही त्यावर प्रश्न येतात. कुठल्या मोठ्या गटाच्या अभ्यासक्रमात हे असतं?

हे असं सांगायला लागलं की सगळं फार गोजिरं वाटतं. प्रत्यक्षात बरेच दिवस दहा ते बारा म्हणजे थोरली एकटी चिंचोके मोजत बसलेली आणि मी भिंतीला टेकून डोळे मिटलेली असंच असतं. काही दिवस मोबाइलवर कार्टून असतं. रात्री तीनदा उठलेल्या बाईने सकाळी हसतमुखाने कागदाचे हत्ती कापावेत अशी अपेक्षा करणारे लेख मी आता वाचत नाही.

यातल्या कशालाही 'मी मुलीला घरी शिकवते' म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते, त्याला कारण मावशी आहेत. त्या वारज्याहून येतात, सकाळभरात अशी चार-पाच बाळं न्हाऊ घालतात. त्यांची मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवीला आहे, मुलगा दीड वर्षाचा. थोरलीची पाटी बघत एकदा त्या म्हणाल्या, "तुमचं बरंय ताई. तुमची पोर घरी राहिली तर लोक विचारतात, कसं काय जमवता हो? माझी चार दिवस राहिली तर बाई दारात येतात, नाव लिहून घ्यायला."

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. त्यात त्यांच्या मुलीचं नाव लागू शकतं, माझ्या मुलीचं लागायची वेळ येणार नाही, आणि एवढं करून दोघी घरातच, दोघींच्या घरात तान्हा भाऊ. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्या बाळाची टाळू भरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "येऊ द्या की. मी चहा ठेवते त्यांच्यासाठी. त्या येतात म्हणून तिचा बाप गप बसतो."

माझ्या घरच्या शाळेचा हिशेब मांडला तर तो असा आहे. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ला झालेल्या दुरुस्तीनंतर मिळणारी २६ आठवड्यांची भरपगारी रजा. आई. आजी. घरून काम करता येणारा नवरा. आणि मावशी, ज्यांना त्यांच्या दुसऱ्या बाळंतपणात यातलं काहीच मिळालं नाही, कारण तो कायदा आस्थापनांत नोकरी करणाऱ्या बायकांना आहे, घरोघर जाऊन दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालणाऱ्यांना नाही. बाळाला झोपवायचं काम त्या करतात, म्हणून थोरलीला दहा ते बारा मिळतात. त्यांचं बाळ त्या वेळी कोण बघतं, हे विचारायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. सकाळच्या शाळेला सुट्टी असेल तर मुलगी बघते. एरवी शेजारीण.

हा गुंता नवीन नाही, आणि कुणी त्यावर विचारच केला नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची थोरली मुलं शाळेत येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटी होती. मुलांना शिस्त नाही, पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकट्याला घेऊन ये, त्याला पाळण्यात ठेव आणि तू वर्गात बस. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मला तो विचार अफाट वाटतो, कारण त्यात बाळाला सांभाळायला कुणीतरी लागतं हे मान्य आहे, फक्त ते कुणीतरी म्हणजे आठ वर्षांची बहीण, एवढं मान्य नाही. आजीच्या नशिबी अशी शाळा असती तर तिने पेपर ओळीखाली बोट न ठेवता वाचला असता.

थोरलीने बाळासाठी काहीच करू नये असं मात्र मला वाटत नाही. भावंड घरात असताना त्याला हात लावायचा नाही ही कुठली वाढ? दहाच्या आधी आणि बारानंतर ती त्याच्याशी बोलते, त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तोंड नेऊन, कारण तान्ह्या बाळाला त्याच्या पलीकडचं स्पष्ट दिसत नाही हे तिला डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याचे पाय चेपते. त्याला पाटी वाचून दाखवते. फरक एवढाच की तिने 'आत्ता नाही' म्हटलं तर ते चालतं. मी हे तपासून बघते मधूनमधून. जिथे 'आत्ता नाही' चालत नाही, तिथे ती दोरी आहे, असं मी माझ्यापुरतं धरलं आहे. आजीला हे फार बारीक कातलेलं वाटतं.

मागच्या महिन्यात मावशींची शेजारीण गावी गेली, आणि त्या मुलांना घेऊनच कामाला आल्या. मुलगी कमरेत कलती होऊन भावाला कडेवर घेऊन दारात उभी. दहा वर्षांच्या मुलींची कंबर अशी एका बाजूला गेलेली मी आयुष्यभर बघत आले आहे, आजीने ती आतून ओळखली असावी. "दे इकडे त्याला," म्हणून तिने हात पुढे केले. तो गुबगुबीत, आजीला पेलवेना, मग खाली सतरंजीवर बसून घेतला मांडीवर. मुलगी मोकळ्या हातांनी जरा वेळ तशीच उभी राहिली, मग थोरलीच्या पाटीकडे गेली आणि पाचच मिनिटांत तिने आमच्या घरच्या शाळेच्या गणिताची लक्तरं काढली. बेरीज अशी नसते, हातचा वर लिहायचा. बोटं मोडून नाही मोजायचं. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. थोरली भारावून गेली. बारा वाजले तरी उठेना. शेवटी मावशींनीच मुलीला हाक मारली, आणि आजी म्हणाली, "थांब जरा, हातचा चाललाय."

त्या दिवसापासून थोरलीला शाळेत जायचं आहे. मोठी मुलं असतात, हात वर करायचा असतो आणि मधल्या सुट्टीत डबा खायचा असतो, अशी तीन कारणं तिने दिली. तिसरं मुख्य आहे. मी घरच्या शिक्षणाचे फायदे सांगायला तोंड उघडलं, पण श्रोते उठून गेले.

माझी रजा आता संपत आली आहे. पहिलीचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला आहे, घरापासून चालत जाता येईल अशा मराठी शाळेचा. भरायचा की नाही ते अजून नक्की नाही. नवऱ्याला वाटतं आणखी एक वर्ष काढावं, मला दिवसाआड दोन्ही वाटतं. आजी रोज विचारते, भरला का. फॉर्मवर 'यापूर्वीची शाळा' असा एक रकाना आहे. नवऱ्याचं म्हणणं, तिथे 'लागू नाही' लिहावं. आई म्हणते, सरळ 'घरी' लिही. थोरलीला तिथे स्वतःच्या हाताने 'आजी' लिहायचं आहे, आणि आजी म्हणते, तिला पेन्सिल द्या, पेन नको, 'जी' दोनदा काढते ती अजून.